‘सॉरी मॅडम’ नक्की कशाबद्दल? शिव्यांमधल्या बायकांविषयी, सोप्या भाषेत

आमच्या मशीन शॉपमध्ये, म्हणजे नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये, गेल्या वर्षी एक मुलगी ट्रेनी म्हणून आली. आयटीआय केलेली, टर्नर, म्हणजे लेथ चालवणारी. तोपर्यंत शेडमध्ये बाईमाणूस म्हणजे सकाळ-संध्याकाळ झाडायला येणाऱ्या मावशी, बाकी आम्ही सोळा-सतरा बाप्ये. आणि बाप्यांची शेड कशी असते ते ज्यांनी काम केलंय त्यांना सांगायला नको, टूल तुटला की शिवी, पार्ट रिजेक्ट झाला की शिवी, लाइट गेली की शिवी, चहा आला तरी शिवी, ती मात्र प्रेमाची. पोरगी आल्यावर शिव्या काही कमी झाल्या नाहीत, फक्त प्रत्येकीला मागून एक शेपूट लागलं. आईवरून दणदणीत काहीतरी, आणि लगेच ‘सॉरी मॅडम’. दिवसभर हेच. दुसऱ्या आठवड्यात ती वैतागली आणि म्हणाली, "दादा, शिवी तुम्ही मशीनला देता, मग सॉरी मला का?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर नुसता हसला आणि कूलंट बघायला गेला. मला मात्र घरी जाताना पाथर्डी फाट्यापर्यंत तेच डोक्यात. कारण आपण एरवी छातीठोक सांगतो ना, की अरे त्या शब्दांना आता काही अर्थ राहिलेला नाही, तोंडात बसलंय, निघून जातं. अर्थ नसेल तर सॉरी कशाचं? आणि दुसरी गोष्ट जरा उशिरा लक्षात आली, की मावशी सहा वर्षं आमच्यात झाडू मारतायत, त्यांना एकदाही कुणी सॉरी म्हटलेलं नाही.

तर रोजच्या शिव्यांनी बायकांचा अपमान होतो का, हा विषय जरा नीट सोलून बघू. मी भाषेचा प्राध्यापक नाही. शिव्या देण्याचा मात्र पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, द्वारका सर्कलवरून रोज टू-व्हीलर काढणाऱ्या माणसाकडून वेगळी अपेक्षा ठेवू नका.

सुरुवात सगळ्यात गरीब शिवीपासून, ‘च्यायला’. उलगडून बघितलं तर ‘तुझ्या आईला’ किंवा ‘त्याच्या आईला’ एवढंच निघतं. आता शाळेतलं व्याकरण आठवा, ‘आईला’ हे कर्म झालं, क्रियापद कुठाय? गळून पडलंय. ते काय होतं हे सगळ्यांना माहितीय आणि कुणाच्या मनात पण येत नाही. पुढचं ‘त्याच्या’ झिजून नुसतं ‘च्या’ उरलं, मागचं क्रियापद गेलं, मधल्या आईचं ‘यला’ झालं. आज ‘च्यायला, पाऊस आला’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात फक्त वाळत घातलेले कपडे असतात. माझी आत्या म्हणते च्यायला, ती सप्ताहात पारायणाला बसणारी बाई आहे. आणि गंमत म्हणजे ‘आयशप्पथ’ पण त्याच आईची, खरं बोलायचं असलं तरी तीच आणि डोकं फिरलं तरी तीच.

म्हणजे शब्द झिजतात हे खरंय. घासून घासून नाण्यावरचा छाप जावा तसं होतं ते. म्हणून ‘आता अर्थ राहिला नाही’ हे च्यायलाच्या बाबतीत मी मान्य करतो. लोचा असा आहे की लोक या एका च्यायलाचा दाखला देतात आणि त्याच्या आडून बाकी अख्खी पलटण गेटमधून आत घेतात. त्या पलटणीतल्या काही शब्दांवरचा छाप अजून कोरा करकरीत आहे.

आता शालीमारला गाडी लावण्यावरून भांडणारी दोन माणसं डोळ्यासमोर आणा. दोघं पन्नाशीचे, दोघांना बीपी. भांडण आहे चार फूट जागेचं. दोन मिनिटांत एकाने दुसऱ्याची आई काढली, दुसऱ्याने पहिल्याची बहीण. एकाची आई जेलरोडला घरी मटार सोलत बसलीय, दुसऱ्याची बहीण संगमनेरला नांदतेय, दोघींना या गाडीशी काही घेणंदेणं नाही. तरी वार बरोबर लागतो, माणूस लालबुंद होतो. का? त्याला स्वतःला ‘तू मूर्ख आहेस’ म्हटलं असतं तर इतका नसता झाला.

मी मशीनवाला माणूस, त्यामुळे मी असं बघतो की शिवी चालते कुठल्या करंटवर, तिचा प्लग कुठे खोचलाय. आईबहिणीच्या शिवीचा प्लग एका समजुतीत खोचलेला आहे. समजूत अशी की घरातल्या बाईचं शरीर म्हणजे घरातल्या पुरुषाची इज्जत ठेवायची तिजोरी, आणि तिजोरीला कुणी हात लावला (नुसत्या शब्दाने का होईना) की माल त्याचा गेला, तिचा नाही. शिवी देणारा आणि खाणारा एकमेकांचा जीव घ्यायला उठलेले असतात पण या एका गोष्टीवर दोघांचं शंभर टक्के एकमत असतं. नसतं तर शिवी चाललीच नसती. ज्याला मराठी येत नाही त्याला मराठीत शिवी देऊन बघा, तो ‘हां जी’ म्हणेल.

हे आजकालचं नाही बरं का. मराठीतले जुन्यात जुने कोरलेले लेख आहेत त्यात परळचा एक शिलालेख आहे, शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातला, ११८७ च्या सुमाराचा. दिलेलं दान पुढच्या कुणी मोडू नये म्हणून शेवटी धमकी घातलीय, की जो कोणी हा हुकूम मोडेल त्याच्या आईबरोबर गाढव अमुक करील. ते क्रियापद तिथे स्पष्ट कोरलंय, आपल्यासारखं गाळलेलं नाही. अशा दगडांना गधेगळ म्हणतात, कितीतरी ठिकाणी सापडलेत, काहींवर वर चंद्र-सूर्य आणि खाली गाढव आणि बाईचं चित्रच कोरलेलं असतं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावं. आता यातला हिशोब बघा. गुन्हा करणार पुरुष. हुकूम राजाचा. शिक्षा मात्र त्या माणसाच्या आईला, जिला दान कुणी दिलं आणि कुणी मोडलं याची खबर पण नसणार. आठशे वर्षं झाली, शालीमारच्या पार्किंगमध्ये हिशोब तोच.

‘साला’ सगळ्यांना एकदम सौम्य वाटतो. आपण मित्राला म्हणतो, टीव्हीवर चालतो, कुणी बीप मारत नाही. पण साला म्हणजे बायकोचा भाऊ, मग बायकोचा भाऊ असण्यात शिवी कसली? तर मी तुला साला म्हटलं म्हणजे तुझी बहीण माझ्याकडे आहे, म्हणून तू खालचा. ‘मामा बनवला’ त्याच खानदानातला, मामा म्हणजे आईचा भाऊ, पुन्हा मुलीकडचाच माणूस. ज्याने मुलगी दिली तो खाली आणि ज्याने घेतली तो वर, हे आपल्या लग्नात आजही दिसतं, जावयाचे पाय धुणारा सासरा आणि पंगतीत ‘मुलाकडच्यांचं झालं का’ म्हणत पळणारे मुलीकडचे. लग्नातली ती उतरंडच शिवीत घुसलीय, दुसरं काही नाही. ‘साला’ बराच झिजलाय, माझ्या मते च्यायलाच्या शेजारी बसवायला हरकत नाही, पण उगम ठाऊक असलेला बरा.

गाढवालाही सुट्टी नाही! ‘गाढवा’ म्हटलं तर साधी शिवी, शाळेतले सर पण देतात. जोर आणायचा असला की ‘गाढवीच्या’. म्हणजे जनावर झालं तरी आईशिवाय भागत नाही.

कुणी म्हणेल पुरुषांना पण शिव्या असतात की, नामर्द म्हणतो, भडवा म्हणतो, मग त्यांचा अपमान नाही का? आहे ना. पण प्लग कुठाय ते बघा. भडवा म्हणजे बाईच्या कमाईवर जगणारा, धंदा तिचा आणि दलाली त्याची, म्हणजे शब्दात बाई आलीच. नामर्द म्हणजे पुरुष नसलेला, आणि पुरुष नाही म्हणजे कोण, तर गाडी पुन्हा त्याच फलाटावर. ‘छक्का’ म्हणतात त्यात बाई नाही पण तिसरंच माणूस वेठीला धरलंय, सिग्नलला टाळी वाजवून पोट भरणारं, ज्याचं या भांडणात काहीच नाही. निव्वळ पुरुषाला पुरुष म्हणून कमी लेखणारी, बाई किंवा तृतीयपंथी मध्ये न आणणारी जोरदार शिवी मला शेडमध्ये विचारून पण मिळाली नाही. ‘हलकट’, ‘नालायक’ वगैरे आहेत, पण त्या बाईलाही तेवढ्याच लागू होतात. एकाने ‘टकल्या’ सुचवली.

आता ‘बायल्या’. आणि त्याचे चुलतभाऊ, म्हणजे ‘बायकी’, ‘काय बायकांसारखा रडतो’, ‘बांगड्या भर’. यांना लोक शिवी मानतच नाहीत, भर सभेत बोलतात, ‘आम्ही काय हातात बांगड्या भरल्या नाहीत’ हे वाक्य कुठल्या पक्षाच्या माईकवरून तुम्ही ऐकलं नाही ते सांगा. ऑफिसात काम होत नाही म्हणून साहेबाला बांगड्यांचा आहेर द्यायचा, फोटो पेपरात छापून आणायचा, आणि कधी कधी आहेर घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्या बायकाच असतात, त्यांच्या स्वतःच्या हातात डझनभर बांगड्या! माझ्या मते हा प्रकार आईवरच्या शिवीपेक्षा जास्त अपमानाचा आहे, कारण आईच्या शिवीत निदान बाई मौल्यवान आहे अशी (चुकीची का होईना) समजूत आहे, इथे बाई असणं हीच शिवी आहे. आणखी काही जोडायलाच लागत नाही. उलट बाजूने बघा, बाईला ‘मर्दानी’ म्हटलं की कौतुक, ‘आमची पोरगी म्हणजे मुलगाच’ म्हटलं की बाप फुशारतो. तिला वर चढवायचं तर पुरुष म्हणायचं, त्याला खाली पाडायचं तर बाई. एकाच शिडीवरचे दोन टोकाचे पाय.

दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षाच्या सीझनला जाऊन बघा एकदा. विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) बायकांच्या टोळ्या असतात, मान वर करून हात वर धरून दिवसभर काम, औषधाच्या वासात. त्या हातात बांगड्या असतात. मी एकदा मित्राच्या बागेत हौसेने तासभर विरळणी केली आणि दोन दिवस मान वळत नव्हती. त्यानंतर ‘बांगड्या भर’ हे वाक्य ऐकलं की मला तेच आठवतं, आणि वाटतं भर की लेका, झेपणार आहे का तुला.

आता थेट बाईला ज्या देतात त्या. इथे मला माझ्या आजीबद्दल सांगायला पाहिजे.

आजी निफाड तालुक्यातली. एकतिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात तीन पोरं. आम्हाला नातवंडांना तिची ठरलेली हाक, "ये रं रांडेच्या, जेवून घे." पोरांना तो शब्द म्हणजे लाडू वाटायचा. तिच्या तोंडी ‘मुडद्या’ होतं, ‘मेल्या’ होतं, पण रांडेच्या म्हटलं की समजायचं आज मूड चांगला आहे, ताटात तूप जास्त पडणार. मी कॉलेजला गेल्यावर कधीतरी शब्दकोशात बघितलं. रांड म्हणजे मूळ अर्थ विधवा, संस्कृत रण्डा. रांडेचा म्हणजे विधवेचा मुलगा. आणि मग एकदम ट्यूब पेटली की माझा बाप म्हणजे त्या शब्दाचा चालता-बोलता अर्थ होता, आणि आजी स्वतः तो शब्द होती. पुढच्या सुट्टीत तिला विचारलं, आजी तुला या शब्दाचा अर्थ माहितीय का. ती चुलीपाशी होती. म्हणाली, "न माहीत व्हायला काय झालं. वाटणीच्या टायमाला थोरल्या दिरानं मलाच म्हटला होता की. ते पातेलं उतरव आधी, करपंल."

काही लोक म्हणतात की ज्यांना शिवी मिळते त्यांनीच तो शब्द उचलून आपलासा करायचा, म्हणजे त्याचा काटा निघतो. २०११ मध्ये टोरोंटोत बायकांनी असाच एक शब्द स्वतःच्या मोर्चाच्या नावात घातला होता आणि तसे मोर्चे मग जगभर निघाले. आजीने तेच केलं होतं का? मला खरंच माहीत नाही. कदाचित आजूबाजूला सगळेच बोलायचे म्हणून तीही बोलायची. पण तिच्या तोंडून तो लाडू होता आणि दिराच्या तोंडून दगड, एवढं नक्की. आणि मी तो उचलून शेजारच्या विधवा काकूंसमोर ‘अहो लाडाने म्हणतो’ सांगत वापरू शकत नाही हेही नक्की. शब्द आपलासा करायचा हक्क ज्याने मार खाल्लाय त्याचाच.

बरं, ‘विधवा’ या साध्या शब्दाची शिवी झाली कशी? नवरा नाही म्हणजे राखणदार नाही, राखणदार नाही म्हणजे कुणाचीही, असं करत करत तो वेश्येपर्यंत नेला. आणि बायको गेलेल्या माणसाला काय म्हणतात? विधुर. कधी कुणी भांडणात ‘ए विधुराच्या’ म्हणून अंगावर गेलेलं बघितलंय? त्याच्याबद्दल आपण ‘बिचाऱ्याच्या जेवणाखाण्याचे हाल’ एवढंच बोलतो. विधवेला कुंकू, जोडवी, हळदीकुंकू या सगळ्यातून बाहेर काढणं कालपरवापर्यंत चालू होतं, काही घरात आजही आहे, म्हणून तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव करावा लागला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकी गावांनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. जोपर्यंत ती वागणूक जिवंत आहे तोपर्यंत शब्द मेलाय असं कसं म्हणणार.

जोड्या लावून बघायचा खेळ मला आवडतो, तुम्ही पण खेळा. छिनाल, उठवळ, चवचाल, याला पुरुषाची बाजू काय? ‘रंगेल’. ‘छंदीफंदी’. ‘भानगडी आहेत त्याच्या’. एकाही शब्दात दम नाही, रंगेल तर जवळजवळ पदवीच वाटते. वांझोटी आहे, पुरुषाला काय? काहीच नाही, टेस्ट त्याचा खराब आला तरी. आणि हे फक्त मराठीत नाही, इंग्रजीत ‘हसी’ म्हणजे चवचाल बाई, तो शब्द मुळात ‘हाऊसवाइफ’ वरून झिजून आलाय. घर सांभाळणारी पासून चवचाल पर्यंत! ‘मास्टर’ आजही मालक आणि उस्ताद, त्याचीच बाईकडची बाजू ‘मिस्ट्रेस’ कुठे जाऊन पडली बघा. जगभर बायकांचे शब्द उताराला लागतात, आपल्याकडे तर ‘बाई’ हाच शब्द बघा, अहिल्याबाईच्या नावात मान आणि ‘बाई ठेवली’ मध्ये भलतंच.

आपल्या भागातला तर अजून एक मासला आहे. चैत्रात नाशिकवरून, खानदेशातून लोक पायी वणीला जातात, पायाला फोड येतात तरी सप्तशृंगीच्या नावाने उदो उदो करत गड चढतात. तीच माणसं घरी येऊन सुनेला म्हणतात, "आली बघा भवानी", "काय गं महामाये, आत्ता उठलीस का?" सटवाई बाळाच्या पाचवीला येऊन कपाळावर नशीब लिहिते, तिची आपण पूजा मांडतो, आणि शेजारणीशी वाजलं की ‘सटवी’. देवाच्या नावाने पुरुषाला अशी शिवी आहे का? ‘आला बघा महादेव’ म्हटलं तर थट्टा होते, त्याला लागत नाही. देवीतला जो गुण गडावर आवडतो, म्हणजे ताकद, राग, कुणाला न भिणं, तो स्वयंपाकघरात आला की खपत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आणि नाशिकच्या माणसाने नाकाबद्दल न बोलून कसं चालेल. आपल्या गावाचं नावच नासिकेवरून पडलं असं सांगतात (नऊ टेकड्यांवरून पडलं असंही म्हणतात), तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा दाखवतात. कथेत काय बरोबर काय चूक यात मी पडत नाही. पण बोलण्यात काय झालं ते बघा, कथेत नाक गेलं तिचं स्वतःचं, आणि आपण आज म्हणतो ‘पोरीने घराण्याचं नाक कापलं’. पोरगी स्वतःच्या पसंतीने लग्न करते आणि कापलं जातं बापाचं नाक. पोराने दारू पिऊन गाडी ठोकली तर ‘नाव घालवलं’ म्हणतील फार तर. पुन्हा तीच तिजोरी, मघाशी पार्किंगमध्ये भेटलेली.

मग मेलेला शब्द आणि जिवंत शब्द ओळखायचा कसा? माझी एक घरगुती ट्रिक आहे. तो शब्द एखाद्या खऱ्या बाईच्या तोंडावर, तिच्याकडे बघून बोलून बघायचा. मनातल्या मनात, प्लीज. आईकडे बघून ‘च्यायला, मीठ जास्त झालं’ म्हटलं तर ती फार तर ‘बाहेरून आण मग’ म्हणेल. बाकीच्या पलटणीतला कुठला शब्द असा चालेल? जीभ उचलत नाही ना, मग त्याला अर्थ आहे, पुरेपूर आहे, आणि तो तुम्हालाच माहितीय. आमच्या शेडमधलं ‘सॉरी मॅडम’ हेच सांगत होतं. शिवी मशीनला दिली तरी ती जाताना कुणाच्या अंगावरून गेली हे आमच्या जिभेला बरोबर कळलं होतं, डोकं नाही म्हणत होतं एवढंच.

यावर लोक म्हणतात ‘पण माझा हेतू तसा नव्हता’. मान्य. खरंतर बऱ्याच वेळा काहीच हेतू नसतो, शिवी विचार करून येतच नाही. पक्षाघातात बोलणं गेलेल्या काही पेशंटला साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही पण शिवी मात्र स्पष्ट येते, इतकी ती मेंदूत वेगळ्या ठिकाणी बसलेली असते. पण रिव्हर्स घेताना कुणाच्या पायावरून टायर गेला तर हेतू नव्हता म्हणून पाय दुखायचा थांबतो का. हेतू बघून गुन्हा लहानमोठा ठरवा, पाय मात्र बघावाच लागतो. म्हणून शिवी देणारा प्रत्येक जण बायकांचा द्वेष्टा आहे असं मी म्हणणार नाही, मग मला स्वतःलाच पहिलं आत टाकावं लागेल.

बरं मग शिव्या बंदच करायच्या का? शक्य नाही, आणि मला नकोही आहे. शिवीचा उपयोग असतो. इंग्लंडमधल्या कील युनिव्हर्सिटीच्या रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये एक प्रयोग छापला होता, लोकांना बर्फासारख्या पाण्यात हात घालायला लावला, शिवी देत असताना त्याच लोकांनी हात जास्त वेळ ठेवला आणि दुखलंही कमी. मग वाटेल की सोपंय, निरुपद्रवी नवा शब्द तयार करू. तेही त्यांनी २०२० मध्ये करून बघितलं, बनवलेल्या खोट्या शिव्या द्यायला लावल्या, लोकांना हसू आलं पण दुखणं कमी झालं नाही. म्हणजे शिवीला जुनी, लहानपणापासून मुरलेली मनाई लागत असावी. त्यामुळे ‘च्यायलाच्या ऐवजी अरे बटाट्या म्हणा’ वगैरे सल्ले मी देणार नाही, बोट दरवाजात सापडल्यावर बटाटा कामाला येत नाही.

आणि बायका शिव्या देत नाहीत असंही नाही. सातारा जिल्ह्यात बोरीचा बार म्हणून प्रकार आहे, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बोरी आणि सुखेड या दोन गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात, वाजतगाजत, बघायला गर्दी असते. शिमग्याला पुरुषांना जशी सूट तशी ही त्यांची. माझं म्हणणं एवढंच की शिवी द्या, पण ज्याच्याशी भांडण आहे त्याला द्या. त्याचं डोकं, त्याचं ड्रायव्हिंग, त्याचं काम, त्याचा कंजूषपणा. ‘मुडद्या’ वाईट आहे पण निदान ज्याला दिली त्यालाच लागते, आमच्या आजीची क्वालिटी होती त्यात.

कायद्याचं थोडक्यात, कारण दरवेळी कुणीतरी विचारतं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. बाईच्या विनयशीलतेचा अपमान करायच्या हेतूने शब्द किंवा हावभाव केला तर कलम ७९, तीन वर्षांपर्यंत कैद. पण दोन पुरुषांनी एकमेकांची आई काढली तर सहसा ते कलम लागत नाही, कारण कायद्याच्या नजरेत त्या आईचा अपमान करायचा हेतूच नव्हता. अश्लील म्हणावं तर सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये एका वेब सिरीजच्या केसमध्ये सांगितलं की नुसती शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे. मला पटतं ते, अश्लील आणि अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ‘बांगड्या भर’ मध्ये अश्लील काय आहे? कामाच्या ठिकाणी मात्र २०१३ चा कायदा आहे, बाईला नकोसं वाटणारं लैंगिक स्वरूपाचं बोलणं त्यात येतं आणि दहा किंवा जास्त माणसं असली की तक्रार समिती पाहिजेच. आमच्याकडे माणसं सतरा, समिती पोरगी आल्यावर कागदावर झाली.

कायद्यापेक्षा मला नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाचं जास्त वाटतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की आईबहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. भांडण तुमचं, मग आईबहीण मध्ये का, असा साधा मुद्दा. दंडाने जीभ सुधारते का यावर वाद घाला, पण निदान गावाने मान्य केलं की त्या भांडणात तिसरं कुणीतरी असतं.

आमच्या शेडमध्ये दंड वगैरे काही नाही. सॉरी मॅडम हळूहळू कमी झालं, शिव्या थोड्या कमी झाल्या, मी स्वतः निम्म्यावर आलोय, द्वारका सर्कल धरलं तर पाऊण. गेल्या महिन्यात संध्याकाळी पाचला पोरीच्या मशीनवर टूलचा इन्सर्ट (धातू कापणारं टोक) तुटला, लॉटमधला शेवटचा पीस होता. ती मोठ्याने म्हणाली, "च्यायला!" सगळी शेड वळून बघायला लागली. मावशी तिच्या मशीनखालच्या चिप्स गोळा करत होत्या. वर पण न बघता म्हणाल्या, "सॉरी म्हण की बाई, मी पण इथंच आहे."

"सॉरी मावशी," ती म्हणाली.

पीस रिजेक्टच झाला.